ईश्वरी स्वीकृती (ख्रिस्ती धर्मसंकल्पना)

ख्रिस्ती धर्मश्रद्धेतील एक मूलभूत धारणा. ईश्वराच्या सान्निध्यात आपले स्वागत होईल, तेथून आपणास परत पाठविले जाणार नाही आणि हा स्वीकार आपल्या पुण्याईवर नव्हे, तर येशू ख्रिस्ताद्वारे प्रकट झालेल्या कृपेवर अवलंबून आहे, असा श्रद्धावंताचा भरवसा म्हणजे ही धारणा होय. ‘तारण’, ‘समेट’, ‘नीतिमान ठरविले जाणे’, ‘दत्तकपण’ या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात रूढ असलेल्या संज्ञा तिच्याच निरनिराळ्या बाजू दाखवितात. या धारणेत दोन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत व त्या वेगळ्या करून पाहणे इष्ट ठरते. ईश्वरापर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा झाला आहे, ही एक गोष्ट. आणि तो आपल्यासाठी मोकळा झाला आहे याची स्वतःच्या मनाला पटलेली खात्री, ही दुसरी. पहिल्या गोष्टीबद्दल ख्रिस्ती पंथोपपंथांत फारसा मतभेद नाही. दुसरीवरून मात्र शतकानुशतके वाद झाले.

या कल्पनेची पार्श्वभूमी यहुदी धर्मातील उपासनेत आहे. जुन्या करारातील ईश्वर आपल्या लोकांमध्ये वास करणारा आहे; परंतु त्याचे पावित्र्य असे आहे, की अपवित्र माणसाने त्याच्याजवळ जाणे म्हणजे मृत्यूला जवळ करणे होय. यरुशलेमच्या मंदिराची रचनाच या भीतीची साक्ष देणारी होती. अंगणामागून अंगणे ओलांडून उपासक आत जाई, परंतु प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी मागे राही. सर्वांत आत पडद्याआड परमपवित्रस्थान होते. तेथे केवळ प्रमुख याजकाने, तोही वर्षातून एकाच दिवशी, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, धूप व बलिदानाचे रक्त घेऊन प्रवेश करावा, असा विधी ‘लेवीय’ या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात सांगितला आहे. येशूच्या काळी उभ्या असलेल्या, हेरोद राजाने वाढविलेल्या मंदिरात यहुदीतरांना बाहेरच्या अंगणापलीकडे मज्जाव होता. तेथील कठड्यावर, पुढे पाऊल टाकणाऱ्या परकीयाच्या मृत्यूस तो स्वतःच जबाबदार राहील, अशा अर्थाचे ग्रीक शिलालेख बसविलेले होते. त्यांपैकी एक अखंड शिलालेख फ्रेंच पुरातत्त्वज्ञ क्लेरमाँ-गानो यांना १८७१ मध्ये सापडला व तो आता इस्तंबूल येथील संग्रहालयात आहे. स्त्रियांचे अंगणही वेगळे होते व त्यापुढे त्यांना जाता येत नसे.

राजदरबाराची उपमाही या संदर्भात महत्त्वाची आहे. ‘एस्तेर’ या ग्रंथातील इराणच्या राजवाड्यात बोलावणे नसताना राजासमोर जाणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. राजाने आपला सोन्याचा राजदंड पुढे केला, तरच त्याचा जीव वाचे. राणीलादेखील हाच नियम लागू होता. ईश्वराला विश्वाचा राजा मानणाऱ्या समाजात त्याच्या भेटीविषयी अशीच धाकधूक असावी, हे स्वाभाविक होते. अर्थात जुना करार केवळ भीतीचा ग्रंथ आहे, हे पुष्कळदा केले जाणारे विधान अपुरे आहे. स्तोत्रसंहितेत ईश्वराच्या घरी कायम राहण्याची ओढ, त्याच्या अंगणातील एका दिवसाचे मोल आणि भग्न हृदयाचा तो अव्हेर करीत नाही, हा विश्वास वारंवार व्यक्त झाला आहे.

नव्या कराराने या पार्श्वभूमीवर आपले म्हणणे मांडले. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला त्या वेळी मंदिरातील पडदा फाटला, असे मत्तय, मार्क व लूक या तिन्ही शुभवर्तमानकारांनी नमूद केले आहे. पडदा वरून खालपर्यंत फाटला, असा तपशील मत्तय व मार्क देतात. तो मानवी हातांनी फाडलेला नव्हता, हे त्यातून सूचित व्हावे, असा भाष्यकारांचा अभिप्राय आहे. ‘इब्री लोकांस पत्र’ या ग्रंथात या घटनेचा अर्थ विस्ताराने उलगडला आहे. येशू हाच प्रमुख याजक आणि तोच बलिदान; त्याने एकदाच व कायमचा प्रवेश केला असल्यामुळे इतरांनाही त्याच्यामागून आत जाता येते. वर्षातून एकदा, एकाच व्यक्तीला मिळणारा अधिकार अशा रीतीने सर्वांचा व नित्याचा झाला. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल यहुदी व यहुदीतर यांच्यामधील आडभिंत पाडून टाकल्याचे म्हणतो. ते लिहिताना मंदिरातील तो कठडा त्याच्या डोळ्यांसमोर असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

मूळ ग्रीक ग्रंथातील दोन शब्द येथे ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला ‘प्रोसागोगे’. रोमकरांस व इफिसकरांस पत्रांत तो येतो व त्याचा अर्थ जवळ नेणे, राजापुढे नेऊन सादर करणे असा होतो. म्हणजे माणूस स्वतःच्या बळावर दरबारात शिरत नाही. हात धरून नेणारा कोणी असावा लागतो. दुसरा शब्द ‘पार्‍हेसिया’. अथेन्सच्या नगरसभेत स्वतंत्र नागरिकाला जे मनात असेल ते मोकळेपणे बोलण्याचा हक्क असे. त्या हक्काला हे नाव होते. गुलामाला तो नसे. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘धैर्य’ हा शब्द योजला आहे. तो चुकीचा नाही. परंतु धैर्य हे संकटापुढे दाखवायचे असते, तर ‘पार्‍हेसिया’मध्ये घरच्या माणसाचा निःसंकोचपणा अभिप्रेत आहे. मूल बापाशी बोलताना धैर्य एकवटत नाही. येशूने प्रार्थनेत ईश्वराला उद्देशून वापरलेला ‘अब्बा’ हा अरामी भाषेतील घरगुती शब्द ग्रीक लेखकांनी मूळ रूपातही तसाच ठेवला आहे.

पौलाने वापरलेली दत्तकाची उपमा मराठी वाचकास परिचयाची वाटते. तथापि तीमधील भेद लक्षात घेतला पाहिजे. हिंदू धर्मशास्त्रातील दत्तविधान मुख्यतः दत्तक घेणाऱ्याच्या गरजेतून, म्हणजे वंश, पिंड व वारसा यांच्या चिंतेतून उद्भवते. रोमन विधीतही कुलाचे सातत्य हाच हेतू असे. पौलाच्या उपमेतील पित्याला मात्र कसलीच उणीव नाही. दत्तक घेण्याचा लाभ सर्वस्वी दत्तक जाणाऱ्याचा आहे. रोमन कायद्यानुसार दत्तकाचे पूर्वीच्या कुलाशी असलेले संबंध तुटत व नव्या कुलात त्याला औरसाचे सर्व हक्क मिळत, हा अर्थ पौलाला येथे हवा आहे. दत्तक खरे ठरणे हे सार्वभौम सत्तेच्या मान्यतेवर कसे अवलंबून असते, याचा अनुभव महाराष्ट्राने १८४८ मध्ये घेतला. त्या वर्षी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक लॉर्ड डलहौसीने नामंजूर केले व संस्थान खालसा झाले. पौलाच्या मते येथे मान्यता देणारा व दत्तक घेणारा एकच असल्याने असा धोका उरत नाही.

सामान्य श्रद्धावंताच्या मनात ही शिकवण रुजली ती मात्र अशा परिभाषेमुळे नव्हे, तर लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तामुळे. वडिलार्जित संपत्ती उडवून, डुकरे राखण्यापर्यंत पाळी आलेला धाकटा मुलगा क्षमेची वाक्ये मनाशी घोळवीत घरी येतो. चाकर म्हणून ठेवा, एवढेच त्याला मागायचे असते. पण बाप दुरूनच त्याला पाहून धावत सुटतो आणि त्याची वाक्ये पुरी होण्याआधीच वस्त्र, अंगठी व जोडे आणण्याची आज्ञा करतो. पौर्वात्य घरातील वयोवृद्ध कर्त्या पुरुषाने भर रस्त्यात धावत जाणे हे त्याच्या प्रतिष्ठेस शोभणारे नव्हते. दृष्टान्ताचा कणा तोच आहे. शेवटी घराबाहेर राहतो तो थोरला, आज्ञाधारक मुलगा. त्यालाही बाप बाहेर येऊन विनवितो, परंतु तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

चर्चच्या इतिहासात प्रश्न निर्माण झाला तो ‘मी त्या घरात आहे, हे मला कशावरून समजावे?’ असा. प्राचीन व मध्ययुगीन चर्चचा कल सावधपणाकडे होता. सहाव्या शतकाच्या अखेरीस सम्राज्ञीच्या सेवेतील ग्रेगोरिया नावाच्या एका स्त्रीने, आपल्या पापांची क्षमा झाली आहे असा साक्षात्कार आपणास झाल्याचे कळवा, असा लकडा पोप पहिला ग्रेगरी याच्यामागे लावला होता. तिची मागणी कठीण आहे व शिवाय हितावहही नाही, असे उत्तर त्याने पाठविले. अखेरच्या दिवसापर्यंत पापाबद्दल भय बाळगणेच बरे, हे त्याचे मत होते. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने विशेष साक्षात्काराखेरीज आपण ईश्वरी कृपेत आहोत हे कोणालाही निश्चयाने कळत नाही, मात्र काही चिन्हांवरून तसे अनुमान करता येते, असे प्रतिपादन केले. या भूमिकेत एक शहाणपण आहे. पण हळव्या मनाच्या माणसास ती छळणारीही ठरते. मार्टिन ल्यूथर हा असाच एक माणूस होता. १५०५ मध्ये एरफुर्ट येथील मठात प्रवेश केल्यावर तो तासन्‌तास पापनिवेदन करी आणि तरीही काही पाप सांगावयाचे राहिले असेल, या शंकेने व्याकूळ होई. रोमकरांस पत्राचे अध्ययन करताना ईश्वराचे नीतिमत्त्व हे शिक्षा देणारे नसून विश्वास ठेवणाऱ्याला दान म्हणून मिळणारे आहे, हा अर्थ त्याला उमगला आणि पुढील धर्मसुधारणेचे ते बीज ठरले.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जानेवारी १५४७ मध्ये नीतिमत्त्वविषयक ठराव संमत करताना प्रॉटेस्टंटांचा हा भरवसा पोकळ असल्याचे सांगून त्याचा निषेध केला. ईश्वराच्या दयेबद्दल शंका घेऊ नये. परंतु स्वतःच्या दुर्बलतेकडे पाहता माणसाने सावध राहावे, असे कॅथलिक मत त्यात ग्रथित झाले. कॅथलिक श्रद्धावंताला आधार मिळतो तो बाप्तिस्मा, पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद या संस्कारांचा. धर्मगुरूच्या मुखातून ऐकलेले क्षमेचे शब्द त्याला स्वतःच्या भावनांपेक्षा अधिक विश्वसनीय वाटतात. दुसऱ्या बाजूस जॉन कॅल्व्हिनने श्रद्धेची व्याख्याच ईश्वराच्या आपल्यावरील प्रसन्नतेचे दृढ व निश्चित ज्ञान अशी केली. गंमत अशी, की पूर्वनियतीचा सिद्धान्त मानणाऱ्या त्याच्याच अनुयायांमध्ये ‘मी निवडलेल्यांपैकी आहे काय?’ ही चिंता सर्वांत तीव्र झाली. वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धाघोषणापत्रात (१६४६) खरा श्रद्धावंतही अशा खात्रीसाठी दीर्घकाळ तिष्ठत राहू शकतो, हे मान्य करावे लागले. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने १९०४–०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या चिंतेतूनच आपल्या व्यवसायात अविश्रांत श्रम करण्याची वृत्ती निपजली, असे सुप्रसिद्ध व पुष्कळ वादग्रस्त ठरलेले मत मांडले.

अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने या प्रश्नास अनुभवाचे उत्तर दिले. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत ल्यूथरच्या रोमकरांस पत्रावरील प्रस्तावनेचे वाचन चालू असताना आपल्या अंतःकरणात अनपेक्षित ऊब निर्माण झाली व आपली पापे दूर झाल्याची खात्री पटली, असे त्याने नोंदवून ठेवले. पवित्र आत्मा माणसाच्या आत्म्याला अशी साक्ष देतो, ही शिकवण त्यानंतर मेथडिस्ट उपदेशकांनी सर्वत्र पोहोचविली. भारतात आलेल्या अनेक प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांवर या परंपरेचा ठसा होता आणि सभेत उभे राहून स्वतःच्या पालटाची ‘साक्ष’ देण्याची मराठी मंडळ्यांतील प्रथा तिच्यातूनच आली. ऊब न जाणवणाऱ्या प्रामाणिक माणसाने काय करावे, ही अडचण मात्र तीमुळे वाढली. खुद्द वेस्लीलाही पुढे अनेकदा शंकांनी ग्रासले होते.

कॅथलिक चर्च व जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ख येथे एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस ईश्वराकडून स्वीकारला जातो तो कृपेनेच, हे त्यात एकमुखाने सांगितले असून खात्रीच्या प्रश्नावर एक स्वतंत्र परिच्छेदसमूह आहे. स्वतःकडे पाहिल्यास शंका वाटावी, पण ख्रिस्ताकडे पाहिल्यास ती उरू नये, अशा आशयाचा समन्वय तेथे साधलेला दिसतो. पुढे मेथडिस्ट (२००६) व रिफॉर्म्ड (२०१७) चर्चसंघटनांनीही या घोषणापत्रास संमती दिली.

या धारणेवरील सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. स्वीकार आधीच झाला असेल, तर सद्वर्तनाची गरज काय? हा आक्षेप पौलाच्या काळातच घेतला गेला होता व रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने तो फेटाळला आहे. जर्मन धर्मवेत्ता डीट्रिख बोनहोफर याने १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पश्चात्तापावाचून वाटली जाणारी क्षमा ही ‘स्वस्त कृपा’ होय, अशी स्वतःच्या ल्यूथरन चर्चवरच टीका केली; नाझी राजवटीविरुद्धच्या कटाशी संबंध आल्यामुळे १९४५ मध्ये त्याला फाशी देण्यात आले. उलट दिशेने, स्पेनमधील संत योहान ऑफ द क्रॉस (१५४२–९१) याने ईश्वराचे सान्निध्य मुळीच न जाणवणे हीदेखील त्याच्या जवळ नेणारी एक अवस्था असू शकते, असे मानले व तिला अंधाऱ्या रात्रीची उपमा दिली.

महाराष्ट्रात या कल्पनेचा पहिला मोठा वाङ्मयीन आविष्कार इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त आढळतो. १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथात आदिमानवाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचे कथानक आले आहे आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे वापरला आहे. बंद झालेले वैकुंठाचे दार उघडले जाणे, ही कल्पना मराठी श्रोत्यास उपरी वाटली नसणार.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचा परिसर या दृष्टीने लक्षणीय आहे. कारण त्याच्या पश्चिमेस वसई हे मराठी कॅथलिकांचे जुने केंद्र असून खाडीपलीकडे, आग्नेयेस कल्याण हे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या बालपणाशी निगडित असलेले गाव आहे. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे मंदिर १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी बोललेल्या नवसाच्या पूर्ततेखातर बांधले गेले, असे सांगतात. नवस हा देवाशी केलेला एक करार असतो. देवाने द्यावे आणि माणसाने फेडावे, हा त्याचा व्यवहार. ख्रिस्ती कृपासिद्धान्त या व्यवहारास तत्त्वतः मान्यता देत नाही. प्रत्यक्षात मात्र वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सप्टेंबरातील जत्रेत मेणाचे अवयव व मेणबत्त्या वाहून नवस फेडणाऱ्यांत ख्रिस्ती भाविकही मोठ्या संख्येने असतात. सिद्धान्त आणि लोकाचार यांतील हे अंतर कोणत्याही धर्मास चुकलेले नाही. वसईतील मराठी कॅथलिक लेखकांमध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृ. २०२४) यांनी ‘सुबोध बायबल’द्वारे हा आशय सर्व मराठी वाचकांपुढे नेला, उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

स्वीकृतीचा हा प्रश्न सर्वांत उत्कटपणे जगल्या त्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). तीर्थयात्रा करीत हिंडणाऱ्या पुराणिक कुटुंबात त्या वाढल्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील निवर्तले. पुढे कलकत्त्यात पंडितांनी त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला व धर्मग्रंथांचे अध्ययन करण्याची संधी त्यांना मिळाली. स्त्रिया व शूद्र यांना त्या देहात मोक्षाचा सरळ मार्ग नाही, याबाबत एरवी परस्परविरोधी असलेले ग्रंथही एकमताचे आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनच्या फुलम भागात जोगिणींनी चालविलेल्या पतित स्त्रियांच्या आश्रमास त्यांनी भेट दिली. अशा स्त्रियांशी प्रेमाने वागण्याचे कारण विचारता एका जोगिणीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील, विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेल्या संवादाची कथा सांगितली. हा प्रसंग निर्णायक ठरला व २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

परंतु बाप्तिस्म्याने त्यांचे समाधान झाले नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात म्हटले आहे. चर्चच्या मतप्रणालीतील अनेक मुद्द्यांवर इंग्लंडमधील आपल्या गुरुभगिनींशीही त्यांनी निर्भीड पत्रवाद केला होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू असूनही हॅस्लमला स्वतःच्या तारणाची खात्री नव्हती; ती त्याला एकदा स्वतः प्रवचन करीत असतानाच पटली. धर्माची सर्व अंगे पाळूनही माणूस दाराबाहेरच राहू शकतो, हे रमाबाईंच्या ध्यानात आले. पुढे जी शांती त्यांना लाभली, ती बौद्धिक समाधानाहून वेगळी होती. शारदासदन (१८८९) व केडगावचे मुक्तिसदन या त्यांच्या संस्थांचा इतिहास सर्वज्ञात आहे. येथे लक्षात ठेवावयाचे ते इतकेच, की मुक्तिसदनाच्या आवारात फुलमच्या आश्रमाप्रमाणे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपासदन’ नावाचे स्वतंत्र घर उभारले. १९०५ मध्ये केडगावी जे धार्मिक जागरण झाले, त्यात शेकडो मुली मोठ्याने रडत पापे कबूल करीत व मागाहून आनंदाने गात. समकालीनांपैकी काहींना तो भावनांचा उद्रेक वाटला. रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांमधून बायबलचे मराठी भाषांतर एकहाती केले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही ते समजावे, हा त्यांचा हेतू होता आणि त्याची छपाई आश्रमातील स्त्रियांनीच केली.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची वाट निराळी होती. त्यांचे प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात कल्याण येथे झाले व पुढे नाशिकला संस्कृताचे अध्ययन झाले. रेल्वेप्रवासात भेटलेल्या एका मिशनऱ्याने दिलेल्या बायबलमधील गिरिप्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ईश्वराने स्वीकारले, पण आप्तांनी दूर लोटले, हा त्या काळच्या बहुतेक उच्चवर्णीय ख्रिस्ती झालेल्यांचा अनुभव त्यांच्याही वाट्यास आला. पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, तरी प्रारंभी त्यांनी आपले सोवळे कटाक्षाने सांभाळले. जात ही माणसाने निर्माण केली, देवाने नव्हे, हा विचार एके दिवशी मनात येताच ते सोवळे त्यांनी कायमचे सोडले. १९३० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा सारा प्रवास विनोदाच्या अंगाने, कोठेही प्रचाराचा सूर न लागू देता आला आहे. ईश्वराने आपला स्वीकार केला, याची खूण म्हणजे आपण दुसऱ्याच्या हातचे पाणी स्वीकारणे, हे त्यातून जितके सहज कळते तितके एखाद्या धर्मशास्त्रीय प्रबंधातून क्वचितच कळेल.

तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. वारकरी संतांच्या अभंगांत देवाच्या भेटीची तळमळ, तो आपल्याला विसरला की काय ही शंका आणि पतितपावन या ब्रीदावरील हक्काचा आग्रह हे सर्व आहे. टिळकांनी आपल्या ख्रिस्ती अभंगांत तीच लय व तीच सलगी आणली आणि मिशनऱ्यांनी शिकविलेल्या भाषांतरित गीतांपेक्षा ती मराठी मंडळ्यांच्या ओठांवर अधिक सहज बसली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी ती योजना होती. दरबार म्हटला की मानाच्या जागा व चोपदार आले. टिळकांना अभिप्रेत होता तो चोपदार नसलेला दरबार. दोन वर्षांच्या आत त्यांचे निधन झाले व हा प्रयोग फळास आला नाही. चर्चच्या अधिकृत सदस्यत्वाखेरीज कोणी ईश्वराच्या घरचा होऊ शकतो काय, हा त्यामागील प्रश्न मात्र भारतीय ख्रिस्ती विचारवंतांत पुढेही चर्चिला गेला.

भारतातील अन्य भक्तिसंप्रदायांत या धारणेशी मिळतेजुळते विचार आहेत. भगवद्‌गीतेच्या अठराव्या अध्यायातील शरणागतीचे आश्वासन हे त्यांचे उगमस्थान मानता येईल. रामानुजीय परंपरेत त्यावरून दोन पक्ष पडले. माकडीणीला तिचे पिलू स्वतः घट्ट धरून राहते, त्याप्रमाणे जीवानेही काही प्रयत्न करावा, असे वडकलै पंथ मानतो. मांजर पिलाला तोंडात धरून नेते तेव्हा पिलाला काहीच करावे लागत नाही, असे तेंगलै पंथाचे म्हणणे. ट्रेंट व ल्यूथर यांच्यामधील वादाशी याचे साम्य उघड आहे; तथापि ख्रिस्ती विचारात स्वीकृती एका ऐतिहासिक घटनेशी, येशूच्या मृत्यूशी, बांधलेली आहे आणि पुनर्जन्माची कल्पना नसल्यामुळे तिच्या निर्णयाला एकाच आयुष्याची मुदत आहे.

मंदिराच्या उंबरठ्याचा प्रश्न महाराष्ट्रात केवळ रूपकात्मक कधीच नव्हता. पंढरपूरला चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर आहे. ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. अहमदनगर व लगतच्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावाने ख्रिस्ती झाली, ती या पार्श्वभूमीवर. आत या, असे निमंत्रण त्यांना प्रथमच मिळत होते. या चर्चमधील कृष्णराव सांगळे यांनी हरिदासी कीर्तनाचा घाट उचलून ख्रिस्ती कीर्तने केली व गीते रचली.

हे निमंत्रण सर्वत्र सारख्या प्रामाणिकपणे पाळले गेले, असे म्हणता येत नाही. गोव्यातील चर्चसंलग्न बंधुसंघांत जातवार सदस्यत्व दीर्घकाळ टिकून होते. दक्षिण भारतात चर्चच्या आत बसण्याच्या जागा व दफनभूमीही जातीनुसार वेगळ्या असत. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये काढलेल्या परिपत्रकात चर्चमधील जातिभेद पूर्णपणे टाकून द्यावा, असे फर्मावले. परिणामी तंजावरच्या मंडळीतील बऱ्याच उच्चजातीय कुटुंबांनी चर्चकडे पाठ फिरविली. दलित ख्रिस्ती धर्मचिंतकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा विषय लावून धरला असून, ईश्वराच्या सान्निध्यात मिळणारा स्वीकार प्रभुभोजनाच्या पंगतीत व स्मशानात दिसत नसेल, तर तो सांगणाऱ्याचा अधिकारच संशयास्पद ठरतो, अशी त्यांची भूमिका आहे. राज्यसंस्थेच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच आहे. १९५० च्या अनुसूचित जातिविषयक राष्ट्रपती आदेशानुसार या जातींचे लाभ प्रारंभी हिंदूंपुरते होते. ते १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांना लागू झाले, ख्रिस्ती व मुस्लिम धर्मीयांना झाले नाहीत. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.